ओहोटीच्या वेळचा वर्ग
तारकर्लीच्या किनाऱ्यावर निसर्गफेरी कशी घ्यावी?

मालवणच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली हे गाव आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मधे नारळी-पोफळीची, सुरूच्या झाडांची अरुंद पट्टी अशी त्याची रचना. ही पट्टी दक्षिणेकडे देवबागपर्यंत जाते आणि तिथे कर्ली समुद्राला मिळते. एका तासाच्या पायपिटीत वाळूचा किनारा, नदीकाठचे कांदळवन आणि खाडीचे मुख असे तीन वेगवेगळे अधिवास पाहायला मिळावेत, अशा जागा फार नाहीत. त्यामुळे शाळांच्या सहली इथे नेहमी येतात. मुले पाण्यात खेळतात, फोटो काढतात, शिंपले गोळा करतात आणि परत जातात. किनाऱ्यावर राहणाऱ्या शेकडो जिवांपैकी एकाशीही त्यांची ओळख झालेली नसते.

सहल आणि निसर्गफेरी यांतला फरक कोणता? निसर्गफेरीत कोणीतरी जाणकार बरोबर असतो, काय पाहायचे ते आधी ठरलेले असते आणि पाहिलेल्याची नोंद होते. यासाठी खर्च जवळजवळ लागत नाही. पूर्वतयारी मात्र लागते. ही तयारी कशी करावी आणि तिच्यामागे कोणते विज्ञान आहे, ते तारकर्लीच्या उदाहरणाने पाहू. कोकणातल्या इतर कोणत्याही किनाऱ्याला ते थोड्या फरकाने लागू पडेल.

वेळ कोणती?

किनाऱ्यावरच्या फेरीचा दिवस शाळेच्या वेळापत्रकावरून ठरवला, तर पाण्याखाली गेलेला किनारा पाहून परत यावे लागते. दिवस ठरवायचा तो चंद्रावरून. कोकणात जुना अदमास आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. भरतीपासून साधारण सहा तास बारा मिनिटांनी ओहोटी, म्हणजे इथल्या भाषेत सुकती.

हा नियम येतो कुठून? पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते. एका तिथीत चंद्र सूर्याच्या तुलनेत १२ अंश पुढे सरकतो. तेवढे अंतर भरून काढायला पृथ्वीला १२ भागिले १५, म्हणजे ०.८ तास किंवा ४८ मिनिटे जास्त लागतात. म्हणून भरती रोज सुमारे ४८ ते ५० मिनिटे उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, तेव्हा नियम बराच जवळचा आहे. पण रोजची तीन मिनिटे पंधरा तिथींत साठत जातात आणि पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तासाचा फरक पडतो. वरच्या वर्गातील मुलांना हा हिशेब करायला द्यावा आणि भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी पडताळून पाहायला सांगावे. आजोबांचा अदमास आणि भूगोलाचे पुस्तक एकच गोष्ट सांगतात, हे त्यांचे त्यांना कळेल.

दुसरा मुद्दा पाणी किती मागे जाते याचा. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण होते. पाणी खूप वर चढते आणि ओहोटीला खूप मागेही जाते. अष्टमीच्या सुमाराला दोन्ही ओढी काटकोनात असतात, पाणी कमी चढते आणि कमी उतरते. याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवशी ओहोटीलाही फारसा किनारा उघडा पडत नाही. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो. द्वितीयेला नियमाप्रमाणे भरती दीड वाजता, म्हणजे त्याआधीची ओहोटी सकाळी सव्वासात-साडेसातच्या सुमाराला. तृतीयेला आठच्या सुमाराला. शाळेच्या फेरीसाठी हे दिवस उत्तम. ओहोटीच्या दीड तास आधी किनाऱ्यावर पोहोचावे आणि पाणी वळले की परत फिरावे. एका दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. म्हणून अदमासाने दिवस निवडला तरी नेमकी वेळ तक्त्यातच पाहावी.

रिकामी दिसणारी वाळू

ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी उमटते. मधोमध एक बारीक भोक आणि त्याभोवती किरणांसारख्या पसरलेल्या गोळ्यांच्या ओळी. ही नक्षी सेंटिमीटरभराच्या खेकड्यांची असते. पाणी मागे सरले की हा खेकडा बिळातून बाहेर येतो, नांग्यांनी वाळू तोंडात भरतो, कणांना चिकटलेली सूक्ष्म शैवाले आणि सेंद्रिय द्रव्य खातो आणि उरलेल्या स्वच्छ वाळूची गोळी करून टाकून देतो. पुढच्या भरतीने नक्षी पुसली जाते, त्या वाळूवर पुन्हा अन्न जमते आणि खेकड्याचा दिवस पुन्हा सुरू होतो. मुलांना नाव सांगण्याआधी विचारावे: गोळ्या कोणी केल्या असतील? त्या भोकापासून दूर दूर का गेल्या? पाय आपटला तर खेकडा काय करतो, आणि आपण दोन मिनिटे अगदी स्थिर उभे राहिलो तर काय होते?

किनाऱ्याच्या वरच्या, कोरड्या भागात मोठी बिळे दिसतात. ती पांढुरक्या, वेगाने तिरके पळणाऱ्या खेकड्यांची. बिळाचे तोंड आणि आतल्या खेकड्याची रुंदी यांचे प्रमाण जवळचे असते. त्यामुळे एकही खेकडा न पकडता, पट्टीने बिळे मोजून, त्या किनाऱ्यावर लहान खेकडे जास्त की मोठे हे सांगता येते. संशोधकही ही पद्धत वापरतात.

यावरून एक सोपा प्रयोग करता येईल. सुतळी आणि चार काड्या घेऊन एक मीटर बाजूचा चौकोन आखावा. भरतीची खूण, किनाऱ्याचा मध्य आणि पाण्याची कड अशा तीन ठिकाणी प्रत्येकी पाच चौकोनांतील बिळे मोजून सरासरी काढावी. मग हेच मोजमाप जिथे माणसांची किंवा वाहनांची वर्दळ जास्त आहे त्या भागात करावे. दोन आकड्यांमध्ये फरक पडला, तर कारण काय असेल यावर चर्चा करावी. वाहनाच्या चाकाखाली बिळे दबतात हे सांगण्यापेक्षा स्वतः मोजलेला आकडा मुलांच्या जास्त लक्षात राहतो.

हिवाळ्यात याच वाळूवर कुरव, सुरय, चिखल्या यांचे थवे उतरतात. त्यांतले अनेक पक्षी हजारो किलोमीटरवरून, मध्य आशियातून आणि उत्तरेकडून आलेले असतात. चिखल्याची चोच आखूड, तो वाळूच्या पृष्ठभागावरचे टिपतो. लांब चोचीचे पक्षी खोल बिळांतले किडे काढतात. एकाच किनाऱ्यावर एवढे पक्षी भांडणाशिवाय कसे पोट भरतात, याचे उत्तर चोचींच्या लांबीत आहे. थव्याच्या दिशेने धावून तो उडवणे हा मुलांचा आवडता खेळ. परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी अशा प्रत्येक उड्डाणात खर्च होते, हे एकदा समजले की मुले स्वतःहून थांबतात.

नदीकाठचे कांदळवन

वाळूकडून पूर्वेला चालत गेले की कर्लीचा काठ लागतो. इथे पाणी मचूळ, चिखल काळा आणि वास उग्र. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू सडण्याचे काम करताना हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा हा वास. अशा चिखलात मुळांना श्वास कसा मिळतो? तिवराची मुळे पेन्सिलीसारखी चिखलातून वर येतात, कांदळाच्या खोडापासून कमानीसारखी आधारमुळे फुटतात. खारटपणावरही उपाय आहे. तिवराच्या पानावरून बोट फिरवून जिभेला लावले तर मीठ लागते, कारण जास्तीचे मीठ पानांतील ग्रंथींवाटे बाहेर टाकले जाते. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि हिरव्या शेंगेसारखे लांब रोप होऊन खाली पडते. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्राचे राज्य कांदळवृक्ष म्हणून मान्यता मिळाली.

कांदळवनाची फेरी स्थानिक माणसांनीच कशी चालवावी याचे चांगले उदाहरण याच जिल्ह्यात आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटातील महिलांनी २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. वल्ह्यांच्या होडीतून त्या पर्यटकांना खाडीत नेतात आणि झाडांची, पक्ष्यांची माहिती सांगतात. इंजिनाचा आवाज नसल्याने पक्षी जवळून दिसतात. कांदळवन टिकले तरच हा व्यवसाय टिकणार, त्यामुळे त्याच्या राखणीत त्यांचा स्वतःचा स्वार्थ आहे.

रापण: एक तयार प्रयोगशाळा

किनाऱ्यावरून ओढायचे मोठे सामुदायिक जाळे म्हणजे रापण. होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकतात आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. ओढणाऱ्याला वाटा मिळतो. रापण लागली असेल तर फेरीचा क्रम बदलून तिकडे जावे. रापणकरांना आधी विचारावे, कामात अडथळा आणू नये, आणि शक्य तर मुलांनी दोरीला हात लावावा.

जाळ्यात बांगडे, तारल्या, पेडवे, शिंगाळे असे कितीतरी प्रकार येतात. पाहण्यासारखे प्रश्न असे. बांगड्याची पाठ गडद आणि पोट चंदेरी का? वरून पाहणाऱ्या पक्ष्याला गडद पाठ खोल पाण्यात मिसळलेली दिसते, खालून पाहणाऱ्या माशाला चंदेरी पोट उजेडात मिसळलेले दिसते. कोणत्या माशाचे तोंड वर वळलेले आणि कोणाचे खाली? त्यावरून तो पाण्याच्या कोणत्या थरात खातो याचा अंदाज करता येतो. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून सांभाळतो, आणि त्या काळात त्याला खाता येत नाही. अंडी तोंडात असलेला नर पकडला गेला, तर त्याच्याबरोबर पुढची पिढीही जाते. मासेमारीच्या बंदीकाळाची चर्चा इथून सहज सुरू होते, आणि ती करायला सर्वांत योग्य माणूस रापणीवरचा जुनाजाणता मच्छीमार असतो. मासे पूर्वी किती येत, कोणते आता दिसत नाहीत, वारा बदलला की कोणता मासा येतो, हे त्यांच्याकडून ऐकावे. शिक्षकाने त्या वेळी मुलांबरोबर श्रोता व्हावे.

कासवांच्या निमित्ताने

निसर्ग दाखवण्याचा सार्वजनिक कार्यक्रम गावाच्या पातळीवर कसा उभा राहतो, हे कोकणाने कासवांच्या बाबतीत पाहिले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. त्याआधी अंडी माणसे नेत, कोल्हे-कुत्रीही उकरून खात. गावातल्याच तरुणांनी घरटी शोधून अंडी कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीवर पुरायची आणि पिल्ले निघाली की समुद्रात सोडायची, अशी पद्धत बसली. २००६ पासून तिथे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात, माहिती ऐकतात आणि पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात. पुढे सिंधुदुर्गातही वायंगणी, तांबळडेग अशा गावांनी कासवांची राखण हाती घेतली.

या कार्यक्रमात शिकवण्यासारखे बरेच आहे. मादी एका वेळी साधारण ८० ते १२० अंडी घालते आणि पिल्ले सुमारे ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. तेव्हा वाळू वर्षानुवर्षे तापत गेली तर काय होईल, हा प्रश्न वरच्या वर्गाला घालावा. पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात. नैसर्गिक किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. पण मागे हॉटेलांचे दिवे असले तर पिल्ले उलट फिरतात. पर्यटनावर जगणाऱ्या तारकर्लीसारख्या गावाला हा मुद्दा अगदी जवळचा आहे.

नोंदींचे महत्त्वही कासवच पटवते. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या माद्या वेगळ्याच, असे गृहीत धरता येत नाही, हे एका बिल्ल्याच्या क्रमांकामुळे समजले. बिल्ला पाहून क्रमांक लिहून घेणारा माणूस तिथे नसता, तर ही माहिती मिळालीच नसती.

महोत्सवाला गेलेल्यांना पिल्ले दिसतीलच असे नाही. हे मुलांना आधीच सांगावे. पिल्ले त्यांच्या वेळेने निघतात, आणि न दिसलेल्या दिवशीही वाळूचे तापमान मोजता येते, किनाऱ्यावरचे दिवे मोजता येतात.

दाखवण्यातून होणारी हानी

निसर्ग दाखवण्याच्या उत्साहानेच निसर्गाचे नुकसान झाल्याचे उदाहरण जुने आहे. १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने समुद्रकिनाऱ्यावर लोकांसाठी वर्ग घेतले आणि त्या विषयावर लोकप्रिय पुस्तके लिहिली. घरोघरी समुद्रजीवांची काचपात्रे ठेवण्याची लाट आली. लोक बादल्या घेऊन खडकांवर गेले आणि डबकी ओरबाडून रिकामी केली. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात, वडिलांना या विध्वंसाचे किती दुःख झाले ते नोंदवून ठेवले आहे.

तारकर्लीच्या परिसरात हा धोका आजचा आहे. मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे लहान प्राण्यांची वसाहत. त्यांच्या शरीरात राहणारी शैवाले प्रकाशसंश्लेषण करून त्यांना अन्न पुरवतात. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते आणि प्रवाळ पांढरे पडतात. त्यावर पोहणाऱ्याचा पाय पडला, नौकेचा नांगर आदळला, तर वर्षानुवर्षांची वाढ क्षणात तुटते. किनाऱ्यालगत उथळ पाण्यात राहणारे, पाठीवर मदार असलेले डॉल्फिन पाहायला नौका निघतात. या डॉल्फिनांची गणना जगभर संकटग्रस्त प्रजातींत होते. ते आवाजावरून मार्ग आणि भक्ष्य शोधतात, म्हणून चार नौकांनी घेरून पाठलाग केला तर त्यांचे खाणे थांबते, पिल्लू आईपासून तुटू शकते. नौका दूर, त्यांच्या दिशेला समांतर आणि संथ ठेवावी, वाट अडवू नये. शाळेने नौका ठरवताना ही अट आधीच घालावी. गिऱ्हाईक मागते तसा व्यवसाय वळतो.

कायद्याबाबतही मुलांशी मोकळेपणाने बोलावे. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभा क्षेत्र म्हणून ठरला. मच्छीमारांनी याला विरोध केला. आपल्या पोटाचे काय होणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि घोषणेआधी त्यांच्याशी पुरेसे बोलणे झाले नव्हते. कागदावरची सीमारेषा आणि लोकांच्या मनातली समजूत यांतले अंतर संवादानेच कमी होते. किनाऱ्यावरच्या फेऱ्या आणि गावातली व्याख्याने हे त्या संवादाचे साधन आहे.

बोलणे किती आणि सुरक्षितता कशी?

फेरीआधी वर्गात वीस मिनिटांचे बोलणे पुरे. त्यात तीनच गोष्टी असाव्यात: आज कोणती तिथी आणि पाणी कधी वळणार, कोणते तीन प्रश्न घेऊन जायचे, काय करायचे नाही. किनाऱ्यावर लांब भाषण देऊ नये. वाऱ्यात आणि लाटांच्या आवाजात मागच्यांना ऐकू येत नाही. आठ-दहा मुलांमागे एक जाणता माणूस हवा. उलटवलेला दगड जसा होता तसा परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. जिवंत प्राणी आणि ज्यांत खेकडा राहतो असे शंख गोळा करू नयेत.

समुद्राशी थट्टा नको. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. नौकेत बसायचे असेल तर प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवे, क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त नको आणि हवामानाचा इशारा असेल तर फेरी रद्द. कर्लीच्या मुखाशी ओहोटीला प्रवाह जोरदार असतो आणि वाळूचे पट्टे जागा बदलतात. तिथे गुडघाभर पाण्यातही मुलांना उतरू देऊ नये. स्थानिक मच्छीमाराने 'आज नको' म्हटले की तो शब्द अखेरचा मानावा.

परत आल्यावर

फेरीचा खरा उपयोग वहीत होतो. तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, वाऱ्याची दिशा, चौकोनातील बिळांची सरासरी, दिसलेले पक्षी, रापणीत आलेले मासे आणि त्यांची मालवणी नावे एवढी नोंद पुरेशी आहे. एका वर्षाच्या नोंदीवरून फारसे सांगता येणार नाही. तीच शाळा दर वर्षी मार्गशीर्षातल्या त्याच तिथीला, त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजत राहिली, तर दहा वर्षांनी तिच्या कपाटात त्या किनाऱ्याची अशी माहिती असेल, जी कदाचित दुसऱ्या कोणाकडेच नसेल. किनारा बदलतो आहे का, या प्रश्नावर मग अंदाजाने बोलावे लागणार नाही. पहिल्या नोंदीसाठी लागते ती एक वही, वीस हात सुतळी आणि पंचांग. येत्या हिवाळ्यातली सोयीची द्वितीया आजच शोधून ठेवावी.